दांडा जपला तर कुदळ जपली

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण सर्वांच्या तोंडी असते. परंतु ती ज्या दांड्यावरून पडली, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. गृहसंकुलाच्या बागेत, बंगल्याच्या आवारात किंवा गच्चीवरील कुंड्यांपाशी कुदळ, फावडे, खुरपे, एखादी लहान कुऱ्हाड अशी अवजारे असतात. त्यांच्या पात्याला धार लावली जाते, गंज चढला तर तो घासून काढला जातो. दांडा मात्र मोडेपर्यंत किंवा पाते त्यातून निसटेपर्यंत दुर्लक्षित राहतो. यातली दुसरी शक्यता अधिक धोक्याची. डोक्यावरून वेगाने खाली येणाऱ्या कुदळीचे लोखंड सैल दांड्यातून सुटले, तर ते कोणाच्या पायावर आदळेल याचा नेम नसतो.

दांडा सैल होतो तो मुख्यतः हवेमुळे. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडतेही. आषाढ-श्रावणात ते फुगते. पण फुगते ते आडव्या अंगाने, लांबीत जवळजवळ नाहीच. लोखंडाच्या भोकात घट्ट बसवलेल्या भागाला फुगायला जागा नसल्याने तिथले तंतू चेपले जातात. पुढे हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि चेपलेला भाग मूळ मापापेक्षाही बारीक होतो. चैत्र-वैशाखात कुदळ खुळखुळू लागते ती यामुळे. अशी कुदळ रात्रभर पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवण्याचा उपाय सर्रास केला जातो. सकाळी ती घट्ट झालेली दिसते हे खरे. परंतु तंतू पुन्हा चेपले गेलेले असतात, आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा अधिक सैल होतो. शिवाय भोकाच्या आत गंज चढतो तो वेगळाच.

या ये-जा करणाऱ्या ओलाव्याला आवर घालण्याचे काम तेल करते. ते लाकूड जलाभेद्य करत नाही, ओलाव्याचा वेग मंदावते. पण दांड्याच्या दृष्टीने तेवढे पुष्कळ असते. प्रश्न असतो तो कोणते तेल वापरावे हा. घरात सहज हाताशी असणारे खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल या कामाचे नाही. ही तेले वाळत नाहीत. लाकडावर चिकट राहतात, धूळ धरतात आणि कालांतराने खवट होतात. गाडीतून काढलेले काळे तेल फासण्याची सवय तर अजिबात नको, कारण त्यातील घातक द्रव्ये रोज हाताच्या कातडीला लागत राहतात.

योग्य तेल जवसाचे. विदर्भात चटणीसाठी घरोघरी ओळखीचे असलेले हे गळिताचे धान्य लाकूडकामातही तितकेच मोलाचे आहे. जवसाचे तेल ‘वाळते’ ते पाण्यासारखे उडून जाऊन नव्हे. हवेतील प्राणवायू शोषून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लाकडाच्या पृष्ठभागात एक घट्ट, लवचिक थर तयार होतो. कच्चे तेल वाळायला अनेक दिवस लागतात, दमट हवेत त्याहूनही अधिक. आणि तोवर त्यावर बुरशी धरण्याची भीती असते. म्हणून रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ नावाने मिळणारे तेल सोयीचे. नावात उकळणे असले तरी ते लवकर वाळते ते प्रामुख्याने त्यात मिसळलेल्या धातूंच्या क्षारांमुळे. साहजिकच ते खाण्याचे तेल नव्हे, आणि स्वयंपाकघरातील पळी-लाटण्याला ते लावू नये.

वर्षातून दोन वेळा हे काम करावे: मे महिन्यात पावसापूर्वी, आणि पाऊस सरल्यावर खंडेनवमीच्या सुमारास. अवजारे घासून-पुसून पूजेला मांडण्याचा तो दिवसच असल्याने निमित्त शोधावे लागत नाही. दांडा ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस सावलीत वाळू द्यावा. कडक उन्हात तो तडकतो. विकत आणलेल्या नव्या दांड्यावर चकचकीत व्हार्निश असेल तर ते खरवडून काढणे उत्तम. व्हार्निशचा थर कालांतराने तडकतो, त्याखाली पाणी शिरते आणि घामेजलेल्या तळहाताला फोडही लवकर येतात. मग काचकागद दांड्याच्या लांबीनेच फिरवावा, म्हणजे कुसळे निघून जातात. फडक्याने तेल लावून तळहाताने चोळावे. दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल अधिक पाजावे, कारण लाकूड सर्वाधिक ओलावा पितो तो टोकांतूनच. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पूर्णपणे पुसून घ्यावे. बहुतेकांचे चुकते ते इथेच. जाड थर चांगला असे वाटून तेल तसेच ठेवले जाते आणि दांडा महिनाभर चिकचिकत राहतो. एकेका दिवसाच्या अंतराने तीन पातळ हात दिले की दांडा मऊ, पण निसरडा नसलेला होतो.

तेल पुसलेल्या चिंध्यांची विल्हेवाट हा या कामातील सर्वांत गंभीर भाग. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. चिंधी पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. बोळा करून टाकली तर आतल्या आत साचत जाते आणि ठिणगीवाचूनही चिंधी पेट घेऊ शकते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘वन मेरिडियन प्लाझा’ ही ३८ मजली इमारत पेटली, ती २२व्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच तेलकट चिंध्यांमुळे. तीन अग्निशमन जवान त्यात मृत्युमुखी पडले. ३०व्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे होते, तिथे ही आग थांबली. तेव्हा चिंध्या उघड्यावर एकेक सुटी पसरून कडक वाळू द्याव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. बाल्कनीतल्या कचऱ्याच्या डब्यात त्या कधीही टाकू नयेत.

तेलाने सर्व काही साधत नाही. उभी भेग गेलेला दांडा तारेने बांधून वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण, तो बदलावाच. नवा दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा मिळाला तर उत्तम. धावड्याचे लाकूड चिवट आणि धक्का सोसणारे असल्याने बैलगाडीच्या आसासाठीही वापरले जाई. निवडताना लाकडाच्या शिरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेल्या आहेत ना, हे पाहावे. शिरा मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर दांडा नेमका तिथेच मोडतो. गावचा सुतार बलुत्यावर दांडे घालून देत असे, तेव्हा ही पारख तोच करी. दुकानातल्या गठ्ठ्यातून दांडा उचलताना ती आता ग्राहकाला करावी लागते.

पाचर मात्र पूर्ण सुकलेल्या लाकडाचीच मारावी. काम संपल्यावर अवजार ओल्या फरशीवर उभे न ठेवता भिंतीवरील खुंटीला टांगावे, आणि पावसाळ्यात दांड्यावर काळी बुरशी दिसू लागली तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर जागी हलवावे. नवे तेल ऊन पडल्यावरच लावावे.