आत्तीची चोपडी

बाहेरगावचं पोर शिकायला, कुस्ती करायला नाहीतर सिनेमात काम शोधायला आलं, की त्याच्या पोटाची सोय कोण बघणार? या एका प्रश्नावर कोल्हापुरातल्या कितीतरी घरांचे संसार उभे राहिले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत मुलांची बोर्डिंगं झाली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल झालं. १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं आणि गावोगावची पोरं तालमीत मुक्कामाला यायला लागली. ज्यांना बोर्डिंगात जागा मिळाली नाही, जे तालमीत झोपायचे, जे स्टुडिओच्या दारात उभे राहायचे, त्यांना खानावळ लागायची. खासबागेच्या मागच्या गल्लीतली आमची खानावळ त्यातलीच एक.

ती कशी सुरू झाली हे मी तिघांकडून ऐकलं आणि तिघांनी ते तीन तऱ्हांनी सांगितलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, आत्ती त्यांच्या पाठची, आणि शेंडेफळ माझे आण्णा.

आबांची गोष्ट आगीपासून सुरू होते. आजोबा जयप्रभा स्टुडिओत सुतार होते. किल्ल्याचे दरवाजे, महालाचे खांब, सिंहासनं करायचे. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला, गावात जाळपोळ झाली, त्यात स्टुडिओ जळाला. भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला, पण मधल्या काळात आजोबांच्या हाताला काम नव्हतं. आज्जीनं पाटल्या मोडून मोठी पातेली घेतली आणि तालमीतल्या दोन पोरांचे डबे सुरू केले. यापुढची आबांची गोष्ट सगळी पैलवानांची. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर झाले. तेव्हा गल्लीत साखर कशी वाटली आणि आज्जीनं त्या दिवशी कुणाकडूनच पैसे कसे घेतले नाहीत, हे सांगताना आबांचा आवाज आजही चढतो.

आण्णांची गोष्ट सुरू होते चहाच्या दुकानापासून, आणि ती आमच्या घराचीसुद्धा नाही. गंगाराम कांबळे या महार तरुणाला हौदावर पाणी प्यायला म्हणून मारहाण झाली. तेव्हा शाहू महाराजांनी त्याला भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढून दिलं. लोक तिथं चहाला जाईनात. मग महाराज स्वतः खडखड्यातून तिथं थांबायला लागले, चहा प्यायला लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. पणजोबांनी हे आजोबांना सांगितलं, आजोबांनी आण्णांना. ‘म्हणून आपल्यात पहिल्या दिवसापासनं एकच पंगत,’ असं म्हणून आण्णा गोष्ट संपवायचे.

आत्तीनं मात्र ती कधी तिथं संपू दिली नाही. ‘पहिल्या दिवसापासनं कुठली रं?’ ती म्हणायची. तिच्या आठवणीत पहिल्या काही वर्षांत दारामागं एक वेगळं ताट आणि एक वेगळा तांब्या होता. कोण कुठला हे बघून आज्जी वाढायची. मग एका पोरानं, आपलं जेवण झाल्यावर ते ताट स्वतःच घासून पुन्हा दारामागं ठेवलं. ते बघून आज्जी दुपारभर बोलली नाही. संध्याकाळी तिनं ते ताट बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून काही गिऱ्हाइकं तुटली, ती परत आली नाहीत. आण्णांना ही गोष्ट आवडत नसे. मला ती त्यांच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. महाराजांनी दाखवलेली वाट आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला तीसेक वर्षं लागली, आणि ती आली तीही एका पोरानं निमूट घासलेल्या ताटामुळं. हे आत्तीनं सांगितलं नसतं तर घरात कुणाला ठाऊकही राहिलं नसतं.

आत्तीचं लग्न इचलकरंजीला झालं होतं. नवरा लवकर गेला आणि ती लहान मुलीला घेऊन माहेरी आली. आबा गल्ल्यावर, आण्णा बाजारहाट आणि वाढपाला, आज्जी चुलीशी. आत्तीला जागा अशी नव्हतीच. तिनं ती मिरच्यांच्या ढिगाशी बसून केली. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. उन्हाळ्यात देठ खुडायचे, कांदा उभा चिरून वाळवायचा आणि तळायचा. खोबरं, तीळ, धणे, खसखस वेगवेगळं भाजायचं, लसूण शेवटी. डंकावर ती कुणाला पाठवत नाही, स्वतः जाऊन समोर बसते. घाईनं कुटली तर चटणी तापते आणि रंग काळवंडतो, हे तिचं ठाम मत. वर्षाची चटणी बरणीत भरून झाली की मगच तिच्या चेहऱ्यावर हसू येतं.

तिचं दुसरं काम उधारीचं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि पैलवानांच्या जोडीला कॉलेजची पोरं आली. सातारा, सांगली, सोलापूरकडची. महिन्याचा पास, पहिल्या तारखेला पैसे, असा आबांचा शिस्तीचा कारभार होता. १९७२ च्या दुष्काळात तो मोडला. जत, आटपाडी, सांगोल्याकडच्या पोरांच्या घरून मनीऑर्डरी यायच्या बंद झाल्या. रेशनवर बाहेरदेशची लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची म्हणून आत्ती उकळत्या पाण्यात पीठ भिजवायची. आबांचं म्हणणं, पास नाही तर ताट नाही; खानावळ बुडाली तर सगळीच पोरं उपाशी राहतील. ते खोटं नव्हतं. वाण्याचे पैसे थकले होते. आत्ती म्हणाली, ‘त्यांचं माझ्या नावावर मांडा.’ आणि तिनं आपली चोपडी घातली.

ती चोपडी मी पाहिली आहे. लाल कापडी पुठ्ठा, कडेला हळदीची बोटं. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर मोठं आणि सुटं. पोरांची आडनावं तिनं लिहिलीच नाहीत. ‘जत, उंच.’ ‘सांगोला, चष्मा.’ ‘आटपाडीचे दोघे भाऊ.’ पुढं वेळांचे आकडे, दोन वेळा, एक वेळ, आणि पैसे पोचले की आडवी रेघ. आडनाव विचारलं की जात कळते आणि जात कळली की वाढणाऱ्याचा हात बदलतो, असं ती म्हणायची. दारामागचं ते ताट तिनं लहानपणी पाहिलं होतं. बऱ्याच नोंदींवर रेघ आहे, काही रेघा पाच-सात वर्षांनी मारलेल्या आहेत. काही नोंदींवर नाही. आबा त्याला बुडीत खातं म्हणतात, आत्ती म्हणते, ‘येतील की.’

महाद्वार रोडवरून बिंदू चौकाकडं चालत निघालं तर दुकानांवर ‘बंधू’, ‘ब्रदर्स’, ‘आणि सन्स’ अशा पाट्या दिसतात. बहीण मला तरी कुठं दिसलेली नाही. आमच्या पाटीवरही ‘बंधू’च होतं. आज्जी गेली तेव्हा जागा आणि खानावळ दोन्ही तिच्या नावावर होती. १९५६ च्या वारसा कायद्यानं आईच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला होता, तरी तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांनी गृहीत धरलं होतं की आत्ती हक्कसोडपत्रावर सही करणार. महाराष्ट्रातल्या हजारो बहिणी अशी सही करून, चोळीबांगडी घेऊन परत गेल्या आहेत. भावाचं दार उघडं राहावं म्हणून त्या ती किंमत मोजतात. आत्तीनं पेनही मागितलं होतं.

तो कागद आबांनी होऊ दिला नाही. शिस्तीचे, उधारीवरून तिच्याशी दोन-दोन महिने अबोला धरणारे आबा. वकिलाकडं जाऊन त्यांनी भागीदारीपत्र करून घेतलं, तिघांची नावं, तिघांचा सारखा हिस्सा. कारण विचारलं तर ते एवढंच सांगतात, ‘बाहत्तर साली गिऱ्हाईक तिनं राखलं.’ दुष्काळ सरल्यावर तीच पोरं आपल्या भावांना, गाववाल्यांना घेऊन आली आणि खानावळ त्यांच्यावर तरली, हा हिशोब आबांनी मनात केव्हाच मांडलेला होता. तिला तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. पाटी बदलायला मात्र आणखी कितीतरी वर्षं गेली. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, दूध-भाजी यायची बंद झाली. तेव्हा आमच्या गल्लीत पाणी नव्हतं म्हणून शाळेत हलवलेल्या माणसांसाठी आम्ही पिठलं-भात केला. पूर ओसरल्यावर नव्या पाटीचा विषय निघाला, आणि आता तिच्यावर फक्त आज्जीचं नाव आहे.

आज आण्णा नाहीत. आबा सकाळी गल्ल्याशी तासभर बसतात. कारभार आम्ही तिघं बघतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि आत्तीची मुलगी, जिला आम्ही ताई म्हणतो. सख्खं-चुलत-आते हा फरक खानावळीत कुणी करत नाही. भांडणं मात्र होतात, आणि सध्याचं भांडण पांढऱ्या रश्शाचं आहे. भावाला मोबाइलवरनं ऑर्डर घेऊन घरपोच पार्सल सुरू करायचंय. पोरं आता मेसला येत नाहीत, खोलीवर मागवतात, हे त्याचं म्हणणं मला पटतं. आत्तीचा विरोध आहे. मटणाच्या आळणी पाण्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध घातलं की रस्सा पुन्हा खळखळून उकळायचा नसतो, नाहीतर फुटतो. खोलीवरचं पोर तो शेगडीवर ठेवून उकळणार, फुटलेला रस्सा खाणार आणि आपल्याला नाव ठेवणार. ऐंशी ओलांडलेली बाई फुटलेल्या रश्शासाठी एवढी हट्टाला पेटते, याचं मला कौतुक आहे. ती त्या न पाहिलेल्या पोराच्या जेवणाची काळजी करते आहे.

ताईनं तोडगा काढलाय. आळणी आणि वाटण एका डब्यात, नारळाचं दूध वेगळ्या डबीत, आणि वर चिठ्ठी, आधी तापवा, मग खाली उतरवून दूध घाला. आत्तीनं अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी खानावळ बंद असते. त्या दिवशी एक पातेलं करून, तासभर बाजूला ठेवून, ती स्वतः चाखून बघणार आहे.