तात्पुरत्या तोडग्याचा इतिहास

३२ बिटांतून सुमारे ४२९ कोटीच इंटरनेट-पत्ते निघतात. ते अपुरे पडणार म्हणून मे १९९४मध्ये केल्ड एगेव्हांग व पॉल फ्रान्सिस यांनी तोडगा सुचवला: कचेरीतल्या संगणकांना खासगी पत्ते द्यावेत आणि वेशीवरच्या यंत्राने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर सार्वजनिक पत्ता घालावा. दीर्घकाळासाठी हा उपाय योग्य नव्हे, हेही त्यांनीच नमूद केले होते. आम्हां भाषेच्या माणसांना यात खुपते ते निराळेच. आतला संगणक बाहेर हाक देतो, त्याला उत्तरही मिळते. परंतु बाहेरच्याने आपणहून त्याला हाक मारावी, तर तिथे त्याला नावच नाही! डिसेंबर १९९८मध्ये १२८ बिटांच्या पत्त्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. आमच्या विभागातला संगणक मात्र अजून १९२.१६८ या खासगी मालिकेतच नांदतो आहे.