कस्तुरबानगरचा अक्कू

नागपूरच्या कस्तुरबानगरात, बहुतांश दलित कष्टकऱ्यांच्या वस्तीत, अक्कू यादवच्या टोळीने दहा वर्षांहून जास्त काळ खंडणी, मारहाण आणि बलात्कारांची दहशत बसवली. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव पोलीस ठाण्यातूनच टोळीला कळतं, असा वस्तीचा आरोप होता. टोळीचं खरं बळ तिथेच होतं.

ऑगस्ट २००४मध्ये संतापलेल्या लोकांनी अक्कूचं घर पाडलं, तेव्हा तो संरक्षणासाठी पोलिसांकडे गेला आणि त्याला अटक झाली.

जामिनावर तो पुन्हा सुटेल, ही भीती वस्तीला होती. १३ ऑगस्टला जिल्हा न्यायालयातच बहुतांश बायकांच्या जमावाने तिखट, चाकू घेऊन त्याला ठार केलं. धरपकड सुरू होताच ‘आम्हालाही पकडा’ म्हणत बायका पुढे आल्या. २०१४मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले.