भुयार निघते कुठे?

राजगडावर शाळेची सहल गेली, की एक प्रश्न हमखास येतो : 'सर, भुयार कुठे आहे?' उत्तर देणाराही कोणीतरी भेटतोच : 'इथून शिरायचे, ते थेट तोरण्यावर निघायचे.' ही गोष्ट थाप म्हणून उडवून लावू नये, तशीच मान्यही करू नये. ती तपासून पाहावी. त्यासाठी नकाशा आणि थोडे गणित पुरते.

वेल्हे भागातले हे दोन किल्ले सरळ रेषेत सुमारे 8 किलोमीटर अंतरावर आहेत. भुयार 1 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच धरू. म्हणजे 16 हजार घनमीटर खडक काढावा लागेल. बेसाल्टची घनता पाण्याच्या सुमारे 2.9 पट, तेव्हा हा दगड भरेल 46 हजार टन. छिन्नी-हातोड्याने तो फोडला असे मानले, तरी टाकला कुठे? एवढा ढिगारा लपत नाही. शिवाय दोन्ही किल्ल्यांच्या मधे खिंड आहे. भुयाराला तिच्या खालून जावे लागेल, आणि भेगांतून झिरपणारे पावसाचे पाणी त्या खोलगट भागात साचेल. तिसरी अडचण हवेची. बंद बोगद्यात माणूस आणि मशाल दोघेही प्राणवायू वापरतात. नवी हवा येणार कोठून?

हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवलेला पाहायचा, तर भोरहून पुण्याला परतताना वाटेत कात्रज लागते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी तेथील तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणले. नळ माणूस आत उतरू शकेल एवढा मोठा. वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' ठेवलेले, म्हणजे वर उघडणारी विहिरीसारखी बांधकामे. खऱ्या भुयाराच्या अशा खुणा जमिनीवर दिसतात.

मग राजगडावर गुप्त वाटा नव्हत्या का? होत्या, आणि आजही पाहता येतात. गुंजवण्याकडून चढणारी वाट चोरदरवाजातून पद्मावती माचीवर येते. संजीवनी माचीला दुहेरी तट आहे. आतल्या तटातून अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या उतरल्या, की आपण दोन भिंतींमधल्या बोळात येतो. बाहेरची भिंत शत्रूच्या हाती गेली, तरी आतली लढती राहावी, ही योजना. अशा दुहेरी बुरुजांना चिलखती बुरूज म्हणतात. सुवेळा माचीवरचे नेढे मात्र कोणी खोदलेले नाही. कातळाची झीज होऊन ते आरपार झाले आहे.

शिवाजी महाराजांची राजधानी येथे सुमारे पाव शतक होती. तोरण्यापर्यंतच्या भुयाराच्या गोष्टीत रमलेली मुले या पायऱ्यांवरून न पाहताच पुढे जातात, आणि त्या रचणाऱ्या गवंडी-पाथरवटांचे कसब नजरेआड होते.

तेव्हा सहलीला जाताना माहितगार वाटाड्या, विजेरी आणि मोजपट्टी बरोबर घ्यावी. बोळाची रुंदी, पायऱ्यांची संख्या, प्रकाश येण्याच्या जागा मुलांनाच नोंदवू द्याव्यात. बंद पोकळीत मात्र कोणालाही शिरू देऊ नये. तेथे हवा दूषित असू शकते. वर्गात परतल्यावर आपल्या गावातल्या भुयाराच्या गोष्टीलाही हेच तीन प्रश्न विचारावेत : दगड कुठे गेला, पाणी कुठे जाते आणि हवा कुठून येते?