मुंबईसमोरील पाणसुरुंग आणि ‘वोल्फशेन’ : आरंभकालीन टेहळणी-विमानाचा एक विचार

पहिल्या महायुद्धाच्या काळात एरंडोल-जळगावकडील कापूस रेल्वेने मुंबईस येई व तेथून आगबोटींनी परदेशी जाई. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशचा व्यापारही अशा रीतीने मुंबईसमोरील जलमार्गाच्या सुरक्षिततेशी निगडित होता. फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वोल्फ’ या जर्मन नौकेने त्या मार्गावर पाणसुरुंग पेरले. पुढे जूनमध्ये ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ आणि २३ जून रोजी ‘मंगोलिया’ या आगबोटी त्यांमुळे बुडाल्या.

वोल्फ ही मूळची ‘वाख्टफेल्स’ नावाची व्यापारी आगबोट. कार्ल आउगुस्ट नेर्गर याच्या आधिपत्याखाली ती ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कीलहून निघाली व २४ फेब्रुवारी १९१८ रोजी तेथेच परतली. तिच्यावर ‘वोल्फशेन’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू, या नावाचे एक लहान जलविमान होते. फ्रीड्रिक्सहाफेनच्या कारखान्यात आरमारी टेहळणीसाठी बनविलेल्या एफ. एफ. ३३ जातीचे हे द्विपंखी विमान दोघांना वाहून नेई. त्याचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर होता. ते सुटे करून नौकेवर ठेवीत, गरजेच्या वेळी जोडीत आणि यारीने पाण्यावर उतरवीत. अर्थातच, समुद्र शांत असल्याखेरीज त्याचे उड्डाण शक्य नसे.

त्याची उपयुक्तता साध्या गणिताने कळते. पंचवीस मीटर उंच डोलकाठीवरून समुद्राचे क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते. ५०० मीटर उंचीवरून ते सुमारे ८० किलोमीटरवर जाते. लपून राहू इच्छिणाऱ्या एकाकी नौकेला एवढे वर्तुळ पुरेसे होते. प्रबळ शत्रू दिसल्यास ती मार्ग बदलू शके, दुबळी आगबोट दिसल्यास तिला गाठू शके. जून १९१७ मध्ये केर्माडेक बेटांजवळ ‘वैरुना’ ही आगबोट पकडली गेली, ती या विमानाने वरून टाकलेल्या हुकूमपत्रामुळे व इशाऱ्याच्या बाँबमुळे.

ब्रिटिशांनीही हेच साधन योजले. मार्च १९१७ मध्ये ‘रेव्हन २’ ही जलविमानवाहू नौका ‘पोत्युओ’ या फ्रेंच युद्धनौकेसह हिंदी महासागरात शोधासाठी निघाली. योगायोग असा की, रेव्हन म्हणजे पूर्वीची ‘राबेनफेल्स’. ती व वाख्टफेल्स या दोन्ही ब्रेमेनच्या ‘हान्सा’ कंपनीच्याच आगबोटी. रेव्हनच्या विमानांनी लक्षद्वीप-मालदीव परिसर धुंडाळला. एक विमान मालदीवमध्ये भरकटले, पण त्यातील दोघे बचावले. वोल्फ मात्र सापडली नाही.

दोन्ही पक्षांची विमाने साधारणतः एकाच योग्यतेची असता फल इतके भिन्न का? लपणाऱ्यास केवळ स्वतःभोवतीचे सुमारे २० हजार चौरस किलोमीटर पाहावयाचे होते; शोधणाऱ्यापुढे सुमारे ७ कोटी चौरस किलोमीटरचा महासागर होता. म्हणून वोल्फच्या यशाचे श्रेय विमानाच्या श्रेष्ठतेस देणे युक्त नव्हे. ते साधन व कार्य यांच्या प्रमाणात शोधावे लागते.

मुंबईपुरते पाहता हा निष्कर्ष आणखी मर्यादित करावा लागतो. येथील सुरुंग रात्रीच्या अंधारात पेरले गेले. त्या कामी वोल्फशेनची दृष्टी निरुपयोगी होती, आणि पेरलेले सुरुंग दूर करणे हे रेव्हनच्या विमानांचे काम नव्हते. ते सुरुंग काढणाऱ्या नौकांचे होते.