बुधवारी आठच्या आत डोंबिवली गाठा

ठाणं गेलं. आता कडी घट्ट धरा, पारसिकचा बोगदा येतोय. गाडी आत शिरते तसा चाकांचा खडखडाट दुप्पट होतो, दारातली पोरं अंधारात आरोळ्या ठोकतात. घामाचा, सुकलेल्या शेवंतीचा आणि कुणाच्या तरी रिकाम्या डब्यातल्या लोणच्याचा वास एकदम नाकात शिरतो. पुढे दिवा, मग डोंबिवली. १९७२ साल संपत आलंय आणि आज बुधवार आहे. उतरल्यावर भाजीवाल्यांपाशी रेंगाळू नका. आठच्या आत चाळ गाठायची आहे.

जिना चढताना स्टोव्हच्या रॉकेलचा उग्र वास येईल. दुष्काळाचं वर्ष आहे. रेशनवर मिळालेल्या मायलो ज्वारीची भाकरी तव्यावर आहे, ती भाजताना काकू पुटपुटताहेत. तुम्हाला पाहून म्हणतात, "या हो, आत या! उंबऱ्यात उभे राहू नका, पोरांना दिसत नाही."

पोरांना बघायचाय तो रेडिओ. आडव्या फळीवर, विणलेल्या रुमालाखाली. हात लावून बघा, पेटी कोमट लागेल. आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलीय. घरातला थोरला मुलगा बटण केसभर फिरवतो. शिट्टी, खरखर, कुठलीशी अनोळखी भाषा, पुन्हा खरखर, आणि समुद्रापलीकडून रेडिओ सिलोन लागतं. "बहनों और भाइयों!" अमीन सायानी. गॅलरीतली कुजबुज तिथल्या तिथे थांबते.

बिनाका गीतमाला. रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल यांवर गाण्यांचे क्रमांक ठरतात. आज वर्षभराचा हिशेब आहे. थोरल्याच्या मांडीवरची वही बघा: रेघा मारलेली, क्रमांक निळ्या शाईत, खाली घसरलेल्या गाण्यापुढे लाल बाण. समासात बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघालेला प्लास्टिकचा चिमुकला हत्ती उभा आहे, पान उलटू नये म्हणून. आवाज मध्येच बुडतो तशी सगळी खोली पुढे झुकते. बुडालेलं गाणं परत ऐकायची सोय नाही. आज हुकलं ते हुकलं.

आणि मग पहिला क्रमांक. 'दम मारो दम'!

भूपिंदर सिंगच्या गिटारचे ते पहिले सूर. लहान स्पीकर थरथरतो, फळीवरचा पेला किणकिणतो. पंचमनं, म्हणजे राहुलदेव बर्मननं, बांधलेली ती धुंद लय, आणि तिच्यावर आपल्या सांगलीच्या आशाबाई भोसलेंचा आवाज. कोपऱ्यातल्या आजोबांनी जपमाळ थांबवून तोंड फिरवलंय. हरीचं नाव असल्या गाण्यात त्यांना सोसवत नाही. तिकडे काकूंचा पाय मात्र स्टोव्हपाशी ठेका धरतोय. शेजारच्या खोलीत तेच, खालच्या मजल्यावर तेच, रस्त्यापलीकडच्या पानवाल्याकडेही तेच. एकच गाणं सगळी आळी एकाच श्वासात ऐकतेय. मला विचाराल तर गाणं गाजणं याहून मोठं असूच शकत नाही.

याच गाण्यासाठी आशाबाईंना फिल्मफेअर मिळालं. पण या चाळीत त्याचा निकाल आधीच लागलाय, निळ्या शाईत.

तुमच्या घरात पासष्टीपुढचं कुणी असेल, तर त्यांना आज विचारा, अशी एखादी वही माळ्यावर आहे का. असेल तर ती रद्दीत देऊ नका.