मुका मार आणि पाणथरी

शस्त्राच्या घावाने वाहणारे रक्त सर्वांना दिसते. मुका मार मात्र नावाप्रमाणेच मुका असतो. कातडीवर ओरखडाही उमटलेला नसतो आणि पोटात एखादे इंद्रिय दुभंगलेले असते. अशा माराला लवकर बळी पडणाऱ्या इंद्रियांत पाणथरीची, म्हणजेच प्लीहेची, गणना होते. डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असलेले हे सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचे, मऊ, रक्ताने भरलेले इंद्रिय. ते फाटले तर काढून टाकावे की राखावे, या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत जवळजवळ उलटे फिरले आहे.

प्राचीनांना या इंद्रियाचे कुतूहल होते. चरकसंहितेने यकृत व प्लीहा यांना रक्तवाहक स्रोतसांचे मूळ मानले. ग्रीक वैद्यांनी प्लीहेला काळ्या पित्ताचे घर ठरविले. परंतु फाटलेल्या पाणथरीवर कोणापाशी इलाज नव्हता.

हिंदुस्थानात या इंद्रियाचा इतिहास विशेष करुण आहे. वारंवारच्या हिवतापाने पाणथरी वाढते, बरगड्यांचा आडोसा सोडून खाली उतरते आणि ठिसूळ होते. मग एखादा ठोसा किंवा एखादी लाथही प्राण घेण्यास पुरते. इंग्रजी अमलात गोऱ्या मालकाच्या माराने नोकर दगावला, की 'पाणथरी आधीच वाढलेली होती' हा बचाव न्यायालयांत वारंवार ऐकू येई. १८७५ साली आग्रा येथे फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारहाण केली. तो मोतद्दार लवकरच मरण पावला. शवचिकित्सेत पाणथरी फुटलेली आढळली. दंडाधिकारी लीड्स यांनी फुलरला तीस रुपये दंड केला आणि ती रक्कम मृताच्या विधवेस देण्याचा हुकूम दिला. एका माणसाच्या प्राणांची किंमत तीस रुपये! १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीरपणे कडक ठपका ठेवला, तेव्हा येथील इंग्रजी वृत्तपत्रे उलट लिटन यांच्यावरच तुटून पडली. रोगाने दुर्बळ केलेले इंद्रिय हा गुन्हा वाढविणारा मुद्दा न ठरता गुन्हेगाराची ढाल ठरला, हे त्या काळाचे दुर्दैव होय.

शल्यशास्त्राने या दुखापतीवर पहिला ठळक विजय मिळविला तो १८९२ साली. ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरी, ऑस्कर रीग्नर या शल्यविशारदाने उंचावरून पडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची फुटलेली पाणथरी काढून टाकली आणि तो मुलगा वाचला. येथून पुढे एक नियमच रूढ झाला: पाणथरी फाटली, की ती काढावी. नोबेल पारितोषिकाचे मानकरी एमिल कोखर यांच्यासारख्या थोर शल्यज्ञाचेही मत असेच होते, की ती काढल्याने शरीराचे काही बिघडत नाही. शस्त्रक्रियेवाचून रुग्ण दगावणार, हे जणू सिद्धच झाले होते.

या विश्वासाला तडा जाण्यास वेळ लागला. १९१९ साली मॉरिस व बुलक यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की पाणथरी काढलेले उंदीर जंतूंपुढे अधिक लवकर हार खातात. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५२ साली अमेरिकेतील किंग व शूमाकर यांनी रक्तविकारासाठी पाणथरी काढलेल्या पाच अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना पुढे तीव्र जंतुसंसर्ग झाले होते व काही दगावलीही होती. तेव्हा कोठे उमगले, की पाणथरी ही रक्त गाळणारी, जंतूंना पकडणारी चौकी आहे. ती उठविली, की विशेषतः न्यूमोनियाचे जंतू काही तासांत सारे शरीर व्यापू शकतात.

याच सुमारास टोरोंटो येथील बालरुग्णालयात एक वेगळीच गोष्ट नजरेस येत होती. मुलांचे पोट उघडून पाहावे, तो पाणथरीचा रक्तस्राव पुष्कळदा आपोआपच थांबलेला असे. काही मुले तर शस्त्रक्रियेवाचूनच बरी झाली. १९६८ साली पुरुषोत्तम उपाध्याय व सिम्पसन यांनी हा अनुभव शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. उपाध्याय हे भारतीय बालशल्यज्ञ. पुढे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह माकडांवर प्रयोग केले आणि १९७९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याचे कारणही शरीररचनेत सापडते. पाणथरीच्या रक्तवाहिन्या खंडाखंडांत विभागलेल्या असतात. चीर दोन खंडांच्या मधून गेली, तर मोठी वाहिनी तुटत नाही व रक्त गोठून चीर बुजते. शिवाय मुलांमध्ये पाणथरीचे आवरण तुलनेने जाड व लवचिक असते.

पुढे सी. टी. स्कॅनमुळे पोट न उघडता चीर किती खोल आहे हे दिसू लागले. १९८९ साली अमेरिकन शल्यज्ञांच्या संघटनेने दुखापतीच्या पाच श्रेणी आखल्या. रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून वाहती शाखा आतूनच बंद करण्याची युक्तीही हाती आली. त्यामुळे आज मुलांप्रमाणे प्रौढांतही, नाडी व रक्तदाब स्थिर असल्यास, बहुतेकांची पाणथरी राखली जाते.

तथापि शस्त्रक्रिया न करणे म्हणजे काही न करणे नव्हे. रुग्णाला रुग्णालयातच ठेवावे लागते, नाडी, रक्तदाब व हिमोग्लोबिन पुनःपुन्हा पाहावे लागते आणि शस्त्रक्रियागृह सज्ज लागते. कारण काही जणांत रक्तस्राव काही दिवसांनीही उफाळतो. रक्त देऊनही रक्तदाब ढासळत असेल, तर पोट उघडण्यास क्षणाचाही विलंब परवडत नाही. तेथे रीग्नरचाच मार्ग आजही प्राण वाचवितो. ज्यांची पाणथरी गेली, त्यांनी न्यूमोनिया व मेंदूज्वर यांच्या जंतूंविरुद्ध लस घ्यावी आणि साधा वाटणारा तापही अंगावर काढू नये.

घरोघरी लक्षात ठेवावे असे थोडेच आहे. मूल सायकलवरून, झाडावरून किंवा जिन्यावरून पडले, डाव्या कुशीत दुखू लागले, डाव्या खांद्यात कळ येऊ लागली, चेहरा पांढुरका पडला, घाम सुटला, तर पोट चोळत अथवा शेकत बसू नये. जखम दिसत नाही म्हणून धीर धरू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. पोट उघडावयाचे की वाट पाहावयाची, हे ठरविण्यास डॉक्टरांना वेळ मिळाला, तरच पाणथरी राखण्याची संधी मिळते.